फणी उलटी करून बघा

प्रिय आबा,

नमस्कार. रागात लिहिते आहे, आधीच सांगते.

फाटकापाशी चार व्यापाऱ्यांसमोर तुम्ही मला 'बुरशीवाली' म्हणालात. पोटच्या पोरीला! आता इकडे सासरी, चोपड्यातही तेच नाव पडलंय माझं. कोणी हसत विचारलं तर मीच सांगते, हो, मीच ती बुरशीवाली, काय म्हणणं आहे?

दोंडाईच्याला तुमच्या चेंबरमध्ये पिकायला ठेवलेल्या माझ्या केळीच्या दांड्यांवर काळी बुरशी चढली, बठ्ठा माल सडी गया, एक फणी वाचली नाही, हे खरं. गिऱ्हाइकांत नाव तुमचं गेलं, तेही मान्य. पण का सडला, हे न ऐकताच तुम्ही फाटक लावलंत. हे खूळ सोडशील तेव्हाच घरी ये, असा निरोप आईकडून धाडलात. अहो, ऐकून तर घ्यायचं!

औषधाऐवजी मी वापरते ती मित्रबुरशी जिवंत असते आबा. घडातून केळीची फणी कापली की दांड्याची जखम ओली असते. फणी या बुरशीच्या पाण्यात बुडवली की ती त्या जखमेवर आधी जाऊन बसते, मग सडवणाऱ्या बुरशीला जागाच उरत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. पण गेल्या खेपेला आमच्या सासूबाईंनी नवं काम म्हणून फण्या बुडवायचं टाकं चकाचक केलं, आणि धुतलं कशाने? घरात उरलेल्या बुरशीनाशकाने! माझी बुरशी टाक्यातच मेली. माल सडल्यावर बाई कौतुकाने सांगतात, टाक्यात एक जंतू म्हणून ठेवला नव्हता गं. रडू की हसू, कळेना मला.

यंदा टाकं मी साध्या पाण्याने धुतलं. काही खोकी मुद्दाम न बुडवलेली ठेवली, शेजारीच. त्यांचे दांडे काळे पडले, बुडवलेल्यांचे स्वच्छ राहिले. सासूबाई आता टाक्यापाशी कोणाला फिरकू देत नाहीत.

केळी झटपट पिकवायची कार्बाइडची पुडी दोंडाईच्यात सगळ्यांच्या आधी तुम्ही फेकलीत, तेव्हा लोक तुम्हाला वेडा म्हणाले होते. मी लहान होते, पण मला सगळं आठवतं. तुम्ही ऐकलंत कोणाचं? मग मी का ऐकू? वरच्या पिवळ्या रंगाला भुलू नको, फणी उलटी कर आणि दांडा बघ, हे मला शिकवलं कोणी?

आता पत्राचं कारण. तुम्ही नको म्हणालात, तरी माल पाठवला आहे. समाधान ड्रायव्हर हे पत्र फाटकावर तुमच्या हातात देईल. हवं ते खोकं उघडा, फणी उलटी करून बघा. दांडा काळा निघाला तर गाडी परत फिरवा, मी चकार शब्द काढणार नाही. स्वच्छ निघाला तर मात्र फाटक सताड उघडायचं, आणि नुसत्या केळीसाठी नाही. वर बघा आबा. समाधानच्या शेजारी मीच बसले आहे, आणि खूळ काही सोडून आलेली नाही.

तुमचीच,
बुरशीवाली रूपा