अर्धं डोकं

प्रिय भांडकुदळ,

फोनवर तुला "एकदम फिट आहे" म्हणालो, ते खोटं होतं. हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं, तरी हात वर धरले की छातीचं हाड पुन्हा उकलल्यासारखं दुखतं. आणि हात वर धरल्याशिवाय आमच्या सलूनमध्ये कात्री चालत नाही. कॉलेज सोडून याच कात्रीच्या जोरावर तुला मागणी घालायच्या बाता मारल्या होत्या मी!

आज पहिलं गिऱ्हाईक घेतलं. बाबांनी गुपचूप खुर्ची खाली केली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून मी ओरडलो आणि ती पुन्हा वर चढवली. अर्धं डोकं झालं आणि हातच उचलेना. बाबांनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि उरलेलं डोकं पुरं केलं.

गिऱ्हाईक म्हणालं, "वा! एका डोक्याला दोन कारागीर!"

मला हसू फुटलं, छातीत कळ आली आणि खोकताना-हसताना दाबायला जवळ ठेवलेला टॉवेल छातीला दाबून मी खालीच बसलो.

उद्या तुझ्या घरचे तुला बघून गेलेल्या त्या मुलाला होकार कळवणार. "तू फक्त 'थांब' म्हण," म्हणालीस. एक डोकं पुरं होईना, संसार काय पेलणार? 'थांब' नाही म्हणणार मी.

हे पत्र न पाठवता त्या टॉवेलाच्याच घडीत ठेवतोय. खोकला आला की दोन्ही एकदम दाबेन.

तुझाच,
खुर्ची वर चढवणारा