मधला टॉवेल

३ ऑगस्ट

प्लास्टर निघालं, पण हात माझा वाटतच नाही. मनगट लाकूड झालंय. सकाळी मागावर ताण्याचा उभा धागा तुटला. गाठ मारायला गेले तर अंगठा बोटापर्यंत पोचेना! शेवटी ह्यांनी मारली. दिवाळीपर्यंत हात बरा झाला नाही तर माझ्या मागावर शेजारच्या यल्लव्वाला उभी करणार म्हणाले. लग्न होऊन वडगावात आले तेव्हापासून तो माग माझा आहे.

५ ऑगस्ट

फिजिओथेरपीला गेले. मॅडम लहानच आहे — पारमिता, निपाणीकडची. टेबलावर बुद्धांचा फोटो. तिनं हात पुढे केला आणि माझा हात आपोआप मागे आला. तोंडातून निघून गेलं, "कुणी धरलं की कातडी जळती माझी." खोटं! धडधडीत खोटं! तिनं मध्ये टॉवेल घातला.

सासूबाई मागच्या कोनाड्यात अशा लोकांसाठी वेगळा कप ठेवायच्या. त्यावरून मी सासूबाईंना नावं ठेवायचे. मी!

९ ऑगस्ट

"टॉवेलवरनं सांधा नीट कळत न्हाय, आक्का. काढून बघूया?" — पारमिता. नको म्हटलं.

१४ ऑगस्ट

मनगट जिथल्या तिथे. हे चिडले, "त्या पोरीला कायबी येत न्हाय!" मी डाव्या हातानं गप्प जेवत बसले. चूक माझी, बोल तिला. लाज वाटते.

१८ ऑगस्ट

पारमिता रजेवर. तिच्या जागी आमच्याच गल्लीतली मंजुश्री, आमच्यातलीच. गप्पा मारता मारता तिनं मनगट धरलं, ओढलं, दाबलं — आणि आत काहीतरी सरकलं! पहिल्यांदाच! मग तीच दचकली. "अगं बया, टॉवेल विसरले की! मॅडम सांगून गेल्यात, आक्कांची कातडी जळती म्हणून. लई जळालं काय?"

माझा उघडा हात तिच्या हातात होता. टॉवेलची मला आठवणसुद्धा झाली नव्हती.

"न्हाय," एवढंच म्हणाले. तिच्याकडे बघवेना.

२० ऑगस्ट

पारमिता आली. टॉवेल घडी घालून ठेवलेला. मीच तो बाजूला सारला. खरं सांगायचं ठरवून गेले होते, जीभ रेटली नाही. हात उबदार आहेत तिचे. अंगठ्यानं सांधा चाचपत हळूहळू मोकळा करते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "दुखतंय व्हय?" व्हय म्हटलं. आणखी एक खोटं!

१२ सप्टेंबर

गाठ बसली! माझ्या हातानं!! पेढे घेऊन पारमिताकडे गेले. तिनं पेढा खाल्ला, हसली. मग तो टॉवेल माझ्या पिशवीत घातला. "तुम्ही फोटो बघून हात मागं घेतला न्हवं, आक्का, त्या दिवसापासनं तुमच्यासाठी वेगळाच ठेवला होता. न्या आता घरी."