गायरानातल्या वीस बाभळी

८ फेब्रु. १९४३, सोम.
रहीमभाई ड्रायव्हरने आज मोटर पुन्हा आणली. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून मागे टाकी बसवून कोळशाच्या गॅसवर चालवतो. माझी मेथी दहाच्या आत अमरावतीच्या बाजारात. पान कोमेजलं नाही. बैलगाडीने दुपार होते.
मोटरमालक म्हणतो, गावाने कोळसा द्यावा, मोटर रोज येईल. कोळसा म्हणजे गायरानातल्या बाभळी, दुसरं काय.

१० फेब्रु.
पारावर बैठक. सुखदेव गुराखी एकटाच विरोधात. उन्हाळ्यात गुरं कुठं बसतील, शेंगा कुठून खातील? त्याचंही खरं. शेवटी वीस झाडं द्यायची ठरली. तहसिलीचा परवाना मालक आणणार. निवडायचं काम माझ्याकडे. पाटील म्हणाले, किसनबुवा झाडावर अन्याय करत नाही. मोटर सगळ्यात जास्त मलाच हवी आहे, हे कोणी बोललं नाही. मीही नाही.

१३ फेब्रु., शनि.
स्नान करून गायरानात. वाळकी, वाकडी, दाटीत अडकलेली झाडं निवडली, बुंध्याला गेरूचा पट्टा ओढला. प्रत्येकापुढे हात जोडले, मनात माफी मागितली. जुनी सवय. वांग्याचं रोप उपटतानाही जोडतो. सुखदेव लांबून पाहत होता.

१५ फेब्रु., सोम.
घोटाळा! कोळसेवाले कुऱ्हाडी घेऊन आले तर वीसच्या वीस झाडांना हळदकुंकू, तीन झाडांखाली नारळ फोडलेले. सुखदेवने घरोघर सांगितलं म्हणे, बुवाले झाडात देव दिसले. भाबडेपणाने की मुद्दाम, तोच जाणे. कोळसेवाले कुऱ्हाडी बाजूला ठेवून विड्या ओढत बसले. मालक लाल. रहीमभाई मात्र पोट धरून हसला.
"बुवाजी, तुमच्या देवायनं माही मोटर बंद पाडली."
मलाही हसू आवरेना.

१६ फेब्रु.
पारावर उभं राहून सरळ सांगितलं, देव नाहीत, कापायच्या खुणा आहेत, गेरू मीच लावला. पाटलांची म्हातारी आई धुरपतामाय मागून बोलली,
"मंग हात काहून जोडले, बावा?"
सगळ्यांनी माना डोलावल्या; झाडं देवच राहिली.

१८ फेब्रु.
मालक हुशार. वीस देव तुमचे, म्हणाला, बाकीचे तं देव नाहीत ना? त्यातले वीस द्या.
पाटलांना पटलं. देव झाले ते वाळके. राहिले ते सावलीचे, ज्यांच्याखाली गुरं बसतात. मी म्हटलं, नुसत्या फांद्या छाटा, पुन्हा फुटतील. तेवढ्या कोळशात मोटर फक्त बाजाराच्या दिवशी चालेल. मालक म्हणे, रोज नाही तर येणारच नाही.
सुखदेव उठून गेला.

२० फेब्रु., शनि.
आज पुन्हा निवड. पुन्हा मीच. मेथीचा दुसरा वाफा काढणीला आला आहे, हिरवागार.
निघताना घरची म्हणाली, "आज हात जोडसान तं मोटर गेली समजा." थट्टेत की कसं, चेहऱ्यावरून कळेना.
दारात सुखदेव. सोबत येतो म्हणतो, नुसतं पाहायला.
निघतो.