तळ्यातलं दार आणि नातीचं स्थळ

आये, तिकडं वर मी आठवते का तुला? चुलीवर ठेवलेलं दूध तुझ्या कधी लक्षात राहिलं नाही, म्हणून विचारते. तुझी थोरली लेक मी, तिसगावहून राहात्याला दिलेली. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि नात लिहिते. परवा तिचंच स्थळ बघायला गेलो होतो, म्हणून आज तिचं अक्षर जरा वाकडं येतंय.

मुलाच्या बापानं कोपरगावच्या बाजूला ऊस मोडून पाण्याची बाग केलीय. लोक तिकीट काढून येतात. तळ्याच्या मधोमध एक दार उभं आहे, त्याला ना भिंत ना घर. सिमेंटच्या मगरीच्या तोंडातून जिना वर चढतो आणि वर काहीच नाही. एक बुरूज तर मुद्दाम पडका बांधलाय. मी म्हटलं, "व्याही, गवंडी पळून गेला काय?" तो हसला. माझा लेक, हिचा बाप, कानाशी लागला, "आई, अजून व्याही झाले न्हाईत. पन पानी बघ की! पोरगी सुखात राहील." आये, अगदी तुझा आवाज! तिसगावात आपण विहिरीच्या तळाला बसून वाटीनं हंडा भरायचो. तू बापाबरोबर हट्टानं राहात्याला गेलीस, घर बघून आलीस. मी विचारलं, नवरा कसा हाय? तू म्हणालीस, "पाट भरून वाहतोय, आनि काय पाहिजे?"

चहा झाला आणि मुलाची आई म्हणाली, "आजच सुपारी फोडून टाकू." सगळे माझ्याकडे बघतात, थोरली मीच ना. मी म्हटलं, आधी मला ते दार बघायचंय. नातीचा हात धरून दगडांवरून तळ्याच्या मध्यावर गेले, दाराआड उभी राहिले आणि विचारलं, "हो म्हणू का?"

"आजी, पोरगा नुसता बागेबद्दल बोलतोय. तो स्वतः कसा हाय ते कसं कळणार? मला त्याच्याशी बोलायचंय, तुमी कुनी नसताना."

परत येऊन मी सांगितलं, सुपारी आज फुटायची नाही, पोरं आधी बोलतील. लेकाचं तोंड उतरलं. मुलाची आई म्हणाली, "त्यात बोलायचं काय?" तेवढ्यात मुलगाच हळू म्हणाला, "मलापन बोलायचंय." तेव्हा तो मला पहिल्यांदा आवडला.

तू मला विचारलं असतंस, तर मी होच म्हटलं असतं. तुझा जावई मला बघायला आला, तेव्हा धान्याच्या कणगीमागून मी त्याला नीट बघून घेतलं होतं. दिसायला बरा होता. पण विचारायला पाहिजे होतंस, आये. हे कागदावर आलं तेवढं पुरे, टपालात टाकायचं नाही.

आता पोरी, लेखणी ठेव आणि ऊठ. त्यांच्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवून दे. पेढे नकोत. पेढे गेले की ते होकार धरतील.