ओटीपी सफूराच्या फोनवर येतो

२ जुलै २०२२, राबिघ, सौदी अरेबिया
तलाक बायकोने मागितला की त्याला खुला म्हणतात, हे मला या वयात कळलं. सफूराने दापोलीला काझीसाहेबांकडे अर्ज दिलाय. लोक घाबरवतात. मी याला रुसवा म्हणतो. पंचवीस वर्षं एसी दुरुस्त करून दुकान उभं केलं. गॅस संपला म्हणून कोणी मशीन भंगारात टाकत नाही.
ठराव : एक, तिला फोन करायचा नाही. दोन, इंडियाचा टॅक्स रिटर्न यंदा स्वतः भरायचा. दरवर्षी तीच भरायची. मुंब्र्याचा फ्लॅट माझा, भाडं माझं, त्यात काय अवघड!

३ जुलै
पासवर्ड सफूराला ठाऊक. नवा काढायला ओटीपी लागतो, तो सफूराच्या फोनवर जातो. नंबर मीच दिलेला. तेव्हा म्हणालो होतो, मी दुकान बघू की मेसेज?
फोन केला. कामाचा फोन ठरावात मोडत नाही.
तिने सहा आकडे वाचले. दोनदा. एकदा सांगून मला कळत नाही, हे तिचं जुनं मत. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या. माझे कान तेज. डाळ. खुशीत असती तर कोळंबी केली असती. म्हणजे झुरतेय.

५ जुलै
इथल्या नियमाने काउंटरवर आता सौदी माणूसच लागतो, म्हणून पुढे हाशम, मी मागे पार्टिशनआड. तो मला मुलीच्या नावाने हाक मारतो. म्हणाला, अबू अदिबा, बायको इंडियात, मग तिच्या इथल्या राहण्याच्या परवान्याची फॅमिली फी कशाला भरतोस? खलास कर. पोरगा गोड, पण अविवाहित. फी भरली. तिचा परत येण्याचा री-एन्ट्री व्हिसापण वाढवला. मी भरतोय तोवर ती सौदी सरकारच्या लेखी माझी बायको. आणि इंडिया सरकार रोज तिच्याशी बोलायला लावतं. दोन सरकारं माझ्या बाजूने, काझीसाहेब एकटे.

९ जुलै
बकरी ईद. शुभेच्छांचा फोन ठरावाविरुद्ध, म्हणून ओटीपी मागितला. शेवटी ईद मुबारक निसटलंच. ती म्हणाली, इथे ईद उद्या आहे.

१४ जुलै
पासवर्ड पुन्हा चुकला. चुकूनच. पोर्टल फार वाईट आहे.
अदिबाचा कॉलेजातून फोन. अब्बा, प्लीज, लेट हर गो. मी म्हटलं, मराठीत बोल. तर म्हणे, अम्मी मराठीतच बोलत होती ना इतकी वर्षं?
हल्ली फीच्या पैशात काय शिकवतात कळत नाही.

२० जुलै
आज सफूराने आकडे दिलेच नाहीत आधी. म्हणाली, राबिघच्या त्या फ्लॅटमध्ये मी भिंतींशी बोलायचे. तुम्ही जेवताना कॉम्प्रेसरचे भाव विचारायचात फोनवर. आणि आता सहा आकड्यांसाठी रोज? मग आकडे दिले. दोनदा.
रागावली होती. चांगली खूण आहे. मशीन आवाज करतं म्हणजे चालू आहे.
नंतर जेवण गेलं नाही. उष्णतेने.

२७ जुलै
अल्लाची मेहेरबानी. तिने आपणहून फोन केला! म्हणाली, तुमच्या इंडियाच्या सिमवर ओटीपी येईल, तो मला वाचून दाखवा. वाचला. दोनदा. ती म्हणाली, कळला पहिल्यांदाच.
कशासाठी ते विचारलं नाही. बायको नवऱ्याकडे काही मागते, याला काय खुला म्हणतात? इथला फ्लॅट साफ करून घेतला. नवे पडदे आणले. तिला हिरवा आवडतो, की निळा? दोन्ही आणले.

३१ जुलै
रिटर्नची शेवटची तारीख. फोन करता यावा म्हणून मुद्दाम आजवर ठेवला होता. तिचा नंबर काढला, काय बोलायचं ते मनात घोकलं, मग पोर्टलवर ओटीपीचं बटण दाबलं.
टिंग. माझाच फोन.
प्रोफाइल उघडून पाहिलं. नंबर माझा लावलाय. सत्तावीस तारखेला.
आकडे मोठ्याने वाचले. दोनदा.
पार्टिशनपलीकडून हाशमने विचारलं, अबू अदिबा, कोणाशी बोलतोयस?
म्हटलं, सरकारशी.