मशीन मी मागवलं नव्हतं

४ एप्रिल

प्रिय टाचणी,

तुला नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना नमस्कार आणि आपल्या दुकानातल्या त्या लंगड्या स्टुलालाही. इकडे सगळे खुशाल. फोन करत नाही म्हणून फुगून बसली असशील. अगं, तुला अर्धं ऐकू येत नाही. तू तिकडून "काय? काय?" करणार, मी इकडून ओरडणार आणि आमचे लाटसाहेब उठणार. त्यांना एकदा झोपवायचं म्हणजे नाकी नऊ येतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तर मला नातू झाला! वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. कान जावयाचे, आणि कपाळावरची आठी माझी. कापड कमी भरलं की माझ्या कपाळावर पडते ना, तीच. लेकीचे मात्र फार हाल झाले, शेवटी पोट उघडावं लागलं. मी टाके पाहिले. वाईट नाहीत, पण मी असते तर जरा जवळजवळ घातले असते. डॉक्टरीणबाईंना तसं म्हणाले तर त्या पोट धरून हसल्या. लेक नाही हसली.

घर तिसऱ्या मजल्यावर. जावईबापू गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतात आणि स्वतः राहतात त्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली, तिथे कपडे वाळतात. मी तिथेच निजते. खिडकी उघडली की हात लांब करून समोरच्या इमारतीच्या भिंतीला शिवता येईल. दिवसभर कुणाच्या तरी मोरीतलं पाणी वाहताना ऐकू येतं. तुझी बडबड नाही, रस्ता नाही, "बाई, बाही जरा घट्ट झाली" म्हणत येणारं कुणी नाही. असो.

एक गंमत सांगते. साहेब परवा काही केल्या राहीनात. अंगाई झाली, येरझाऱ्या झाल्या, सगळे उपाय थकले. मग मी खुर्चीत बसून त्यांना खांद्यावर टाकलं आणि नकळत पाय हलवायला लागले, मशीनवर हलवते तसे. तोंडाने टकटकटक सुरू केलं. पोरगं गप्पच! जावईबापू दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "बघा, आजीचं मशीनच हवंय याला." ते खूप हसले.

लेक जरा गप्प असते. पहिलटकरणी असतातच. माझ्याही वेळी मी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडले होते, आई सांगायची.

महिना म्हटलंय, महिन्याने येते. गणवेशांचं कापड आलं तर ताग्याला कातरी लावायची नाही. तू शिवतेस सोन्यासारखं, पण कापतेस उंदरासारखं. रागावू नकोस, खरं तेच सांगतेय.

तुझी,
मास्तर


२७ एप्रिल

प्रिय टाचणी,

तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला इथे बसून दिसतंय, म्हणून आधी एकच सांगते. मशीन मी मागवलं नव्हतं. तुझ्या गळ्याची शपथ.

जावईबापू कामासाठी तिकडच्या बाजूला जाणार एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी जिन्यात धडधड ऐकू आली. बघते तर दोन हमाल आणि त्यांच्यामध्ये माझं पायमशीन, एखाद्या आजाऱ्याला आणावं तसं. "आई, बघा काय आणलंय! बाळाला हवं होतं ना?" माणूस घामाने निथळत होता आणि इतका खूश, की त्याला काय बोलणार? चेष्टेत बोललेलं वाक्य त्याने मनावर घेतलं. भला माणूस आहे, टाचणी. भल्या माणसांशी भांडता येत नाही, हाच त्यांचा ताप.

मग त्याने पिशवीतून माझी मोठी कातरी काढली. म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीने दिली. म्हणाल्या, हीसुद्धा घेऊन जा, आता इथे कुणाला लागणार?" मी काय समजायचं ते समजले. वीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण आणि तुला वाटलं, मी तुला न सांगता गाशा गुंडाळला! वाटणारच. मला कुणी असं मशीन न्यायला माणूस पाठवला असता, तर मी कातरी फेकून मारली असती.

परत पाठव, म्हणशील. मीही तेच म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात लेक उठून आली. तिने चिंचोळ्या खोलीतली कपड्यांची दोरी काढली, फळी रिकामी केली, मशीन खिडकीशी लावलं आणि म्हणाली, "आई, आता ही तुझीच खोली." आणि हसली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा हसली गं. मी उघडलेलं तोंड मिटलं.

साहेब मशीनच्या आवाजावर झोपतात ते खरंच. मी एका हाताने त्यांना धरते आणि दोरा न ओवता पाय मारत बसते. खाली कापड नाही, सुई नुसती वरखाली होते. असं रिकामं मशीन चालवायचं म्हणजे काय, ते तुलाच कळेल. शेजारीण डोकावून गेली, म्हणाली, "किती जीव लावता हो आजी, बाळाला खाली ठेवतच नाही तुम्ही." खाली ठेवत नाही हे खरं. का ठेवत नाही, ते तिला काय माहीत.

महिना झाला, मला समजतंय. आणखी थोडं थांबावं लागेल. पोरगी अशक्त आहे, टाके ओले आहेत, जावयाच्या कामाला ठरलेली वेळ नाही. कारणं पुरेशी आहेत.

बाजारात जाते तीसुद्धा बाळाला घेऊन. येताना जिन्याच्या तळाशी उभी राहते आणि वर जायला पाय उचलवत नाही. माझ्याच लेकीचं घर आणि मला तिथे जायला नको वाटतं. हे वाचून विसरून जा.

फोन उचलत नाहीस. उचल ना गं.

तुझीच,
मास्तर


२० मे

प्रिय टाचणी,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "येणार की नाही ते सांग. गणवेशांचं काम घेऊ की नको?" बरोबर आहे तुझं. शाळा थांबणार नाही, आणि कापणारीशिवाय शिवणारीने काम कसं घ्यायचं? तुला उत्तर द्यायला हवं. पण त्याआधी जे मागच्या पत्रात गिळलं ते सांगते.

पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी दुपारी भाजीला गेले होते. परत आले तर लेक दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसलेली. दार ओढून घेतलेलं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज. मी ओरडलेच, "अगं, तो कुठे आहे?" म्हणाली, "जमिनीवर ठेवलाय, चादरीवर. तिथून पडणार नाही." मी म्हटलं, "आणि तू बाहेर काय करतेस?" तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, मला त्याची भीती नाही वाटत. माझी वाटते. माझ्या हातून काहीतरी होईल. म्हणून बाहेर बसले."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. आत धावले, साहेबांना उचललं, आणि त्या दिवसापासून खाली ठेवलं नाही. तिने माझ्याकडून वचन घेतलं, नवऱ्याला सांगायचं नाही, कुणालाच नाही. लोक म्हणतील, ही कसली आई. मी दिलं वचन. इथेच चुकलं माझं, आणि ही चूक आपल्याच धंद्यातल्या बाईकडून व्हायची. कुठे उसवलं की आपण काय करतो? आतून बारीक टाका घालतो, वरून कुणाला दिसू नये इतका. गिऱ्हाईक खूश. मी लेकीलाही तसंच शिवत बसले. बाळाला तिच्याजवळ द्यायचं ते दूध पाजण्यापुरतं, आणि मी समोर बसून. कुणी आलं की आपण पुढे होऊन बोलायचं. तिची राखण करतेय असं वाटत होतं मला.

मग परवा बाळाचं वजन घ्यायला नर्सबाई आल्या. तरुण आहेत, बोलक्या. साहेबांना तोललं, पाय ओढून पाहिले, आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू कशी आहेस?" लेकीने तोंड उघडलं. ते दिसताक्षणी मीच बोलले, "छान आहे, अगदी छान. जरा झोप कमी होते एवढंच." बाई गेल्या. दार लावून वळते तर लेक माझ्यापुढे उभी. "तू का बोललीस? तिने मला विचारलं होतं. मी सांगणार होते."

टाचणी, मला वाटत होतं मी या घरात अडकलेय. मी तिलाही आत घालून वरून शिवून टाकलं होतं.

जावईबापू घरी आले तेव्हा त्यांना चिंचोळ्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. वचन मोडलं. लेकीला आधी विचारूनच मोडलं. तिने नुसती मान हलवली. ते मशीनच्या स्टुलावर बसले. मला वाटलं चिडतील, नाहीतर घाबरतील. म्हणाले, "मला वाटायचं मी घरी नसतो म्हणून ती रागावलीय. म्हणून मी आणखी उशिरा यायचो." आणि तोंड झाकून रडले. असा आडदांड माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता. मीही रडले मग. साहेब मात्र झोपले होते, आवाज नसतानाही.

काल तिघं, म्हणजे चौघं, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी लेकीचा हात हातात घेऊन सगळं ऐकलं. हा आजार आहे म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतो, औषधाने आणि बोलण्याने बरा होतो. ती दाराबाहेर जाऊन बसली हेच तिच्या आईपणाचं लक्षण आहे, असंही म्हणाल्या. तेव्हा लेक पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग मला म्हणाल्या, "आजी, आता बाळ तिच्या हातात द्यायचं. तुम्ही शेजारी बसायचं, पण हात लावायचा नाही. ती बरी होईपर्यंत तिला एकटी मात्र ठेवू नका. काही महिने लागतील. घट्ट धरून बसा."

आता तुझं उत्तर. गणवेशांचं काम घे. नाक्यावरच्या दुकानातली ती उंच बाई कापते चांगलं, तिला विचार. माझ्या बाजूला बसव. टेबल रिकामं ठेवू नकोस. रिकामं आहे असं समजलं तर मी इथून रोज मनाने निघत राहीन, आणि मला निघता येणार नाही.

मला परत यायचंय गं. हे एकदा सरळ लिहू दे. साहेबांवर माझा जीव आहे आणि मला इथून पळून जावंसं वाटतं, दोन्ही एकाच वेळी, एकाच खांद्यावर. मला माझं काम हवंय, तुझी कटकट हवीय, रस्त्याकडे उघडणारं दार हवंय. काही महिन्यांनी यांना माझी सवय झालेली असेल, तुला दुसरीची. तेव्हा मला कुणी हाक मारेल की नाही, माहीत नाही.

आज सकाळी लेक बाळाला घेऊन माझ्या शेजारी बसली होती. मी हात मांडीवर घट्ट धरून. तिने विचारलं, "आई, तुला परत जायचं होतं ना? दुकानात?" किती दिवसांनी कुणाची तरी चौकशी केली तिने. मी म्हटलं, "छे गं, कुठलं दुकान. माझे पाय थकलेत आता." तिला ते खरं वाटलं. तिने बाळाला जरा वर घेतलं आणि डोळे मिटून त्याच्या डोक्याला गाल लावला.

तिचं खोटं मी उसवलं. हे माझं खोटं मात्र पक्कं शिवलंय. तू कधी आलीस तर याला हात लावू नकोस.

तुझी,
लाटसाहेबांची आजी