चकतीला चिकटलेले जंतू

सोमवार, ३ मार्च
ताईचा ताप पुन्हा चढला. एकशे तीन! मुतखड्याच्या ऑपरेशननंतर जंतू रक्तात गेले, म्हणून नवं जोडऔषध सुरू केलं, त्याला आज आठवा दिवस. पाच दिवस बरी होती. आज मला बघून म्हणाली, "आई, आलीस?" आईला जाऊन सहा वर्षं झाली.
रक्ताचा नमुना मीच खाली आमच्या लॅबमध्ये आणला.

बुधवार, ५ मार्च
जंतू वाढले. थाळीवर पसरले, मध्ये त्याच जोडऔषधाची चकती ठेवली. उद्या कळेल. कामात लक्ष नाही — एकाच बाटलीला दोन लेबलं लावली.

गुरुवार, ६ मार्च
मागच्या वेळी चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ होतं, तिथले जंतू औषधाने मेलेले. आज जंतू थेट चकतीला चिकटलेले!
लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "बहीण आहे म्हणून घाबरलीस. चकती खराब असेल. परत लाव, उद्या बघू."
उद्या! परत लावली. पण राहवेना. तशीच वर गेले, वॉर्डच्या डॉक्टरांना गाठलं.
"रिपोर्ट कुठाय?"
"नाहीये. थाळी बघायला चला."
आले. बघितली. औषध बदललं — जुनं, किडनीला जड.
भाऊजी जिन्यात बसले होते. "नवं औषध ना गं ते? आठ दिवसांत शिकले?"
सांगितलं — हे जंतू औषध कातरून टाकतात. जोडीतलं दुसरं औषध त्यांची कात्री धरून ठेवतं. पण लाखांत एखाद्याची कात्री जराशी वेगळी निघते, ती धरताच येत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, वाढतो.
"म्हणजे आपणच त्याला जागा करून दिली?"


शुक्रवार, ७ मार्च
दुसरी थाळीही तशीच. मॅडमनी सही केली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मंगळवार, ११ मार्च
ताप नाही! किडनीचे आकडे वाढलेत, पण थांबलेत. ताई भाऊजींवर खेकसली — "दाढी करा आधी!" भाऊजी रडायलाच लागले.

शनिवार, १५ मार्च
ताई घरी. मी दिवसभर झोपले.

सोमवार, १७ मार्च
नवजात विभागातला नमुना. सहा दिवसांचं बाळ. खाट नव्हती म्हणून त्याच्या आईला दोन दिवस ताईच्या शेजारी ठेवलं होतं. बाळाला ते जोडऔषध कधी दिलेलंच नाही.
जंतू चकतीला चिकटलेले.